कुशीवरचा फोटो

दार उघडून पुढच्या पेशंटला हाक मारायला गुणवंत बाहेर आला, आणि बाकावर बसलेला त्याचा धाकटा भाऊ श्रावण चोरी पकडल्यासारखा उठून उभा राहिला. भावाला भाऊ अचानक भेटला तर तोंडावर हसू यायला हवं. श्रावणचं तोंड उतरलं. त्याच्या शेजारी त्याची बायको वच्छला बसली होती. गुणवंतला पाहताच तिनं बाकाची कड घट्ट धरली, हळूहळू खाली सरकत ती जमिनीवर बसली आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. "भाऊ, तू तं नागपूरले जानार होता नं?" श्रावण म्हणाला. गुणवंत म्हणाला, "रद्द झालं. काल सांजेले निरोप आला." "असं काय," असं म्हणून श्रावण उगाच पायातल्या चपलेकडं बघत राहिला. मग गुणवंतच्या ध्यानात आलं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला होता तेव्हा श्रावणनं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, की तू दवाखान्यात रोजच असतोस का, आणि गुणवंतनं सांगितलं होतं, की येत्या मंगळवारी नाही, मंगळवारी नागपूरला ट्रेनिंग आहे. आज मंगळवार होता. आरमोरीपासून दोन एस.टी. बदलून हे दोघं चंद्रपूरला आले होते, सख्खा भाऊ एक्स-रे काढतो त्या दवाखान्यात आले होते, आणि दिवस निवडला होता तो भाऊ नसण्याचा.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं: वच्छला श्रावण निमगडे, पाठीत दुखणं, पाय जड होतात, कण्याचे दोन फोटो, एक समोरून आणि एक कुशीवर. पाय जड होतात हे शब्द गुणवंतनं दोनदा वाचले. इतक्या वर्षांत त्याला एवढं कळत होतं, की पाठ दुखणारे शंभर येतात आणि त्यातले नव्वद नुसते दमलेले असतात. पण पाय जड झाले की मामला वेगळा. कुठंतरी मणका खचत असतो, आणि तो वेळेवर सापडला नाही तर माणूस चालत येतो आणि खाटेवर परत जातो. ते सापडायचं ते कुशीवरच्या फोटोतच. समोरून काढलेल्या फोटोत मणके एकामागं एक लपतात. कुशीवर झोपलेला माणूस मात्र सगळं सांगून टाकतो. अट एवढीच, की त्याला नीट झोपवलं पाहिजे. पाठ टेबलाशी काटकोनात, गुडघे पोटाशी घेतलेले, दोन गुडघ्यांमध्ये पॅड, कमरेखाली घडी, म्हणजे कणा खाली लोंबत नाही. मग कमरेच्या हाडावर दोन बोटं ठेवायची आणि तिथून वर मोजत जायचं. हे सांगून होत नाही. आजारी माणसाला 'थोडं पुढं' म्हटलं तर तो गाव ओलांडून जातो. हात लावूनच ते करावं लागतं, आणि गुणवंतचे हात त्यासाठीच प्रसिद्ध होते.

त्या हातांचा त्याला अभिमान होता, आणि तो नुसता कारागिराचा अभिमान नव्हता. गुणवंतचे वडील रामाजी छप्पन साली चांद्याच्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते. आल्या दिवशीच घरातले देव टोपलीत भरून त्यांनी नदीत सोडले होते. त्याआधीचं गुणवंतला अंधुक आठवायचं: दुकानदार गूळ कागदावर ठेवून वरून सोडायचा, मास्तर पाटी लांबून बघायचे. आता त्याच गावांतली माणसं, मालगुजाराच्या घरातलीसुद्धा, त्याच्या टेबलावर उघड्या पाठीनं झोपत, आणि तो त्यांच्या पाठीवरून बोट फिरवत मणके मोजत असे. कोणी काही म्हणत नसे. दुखत असलं की कोण कोणाचं आडनाव विचारतो? पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या पाटलिणीला कुशीवर वळवताना तिनं आधारासाठी त्याचा दंड धरला होता. घरी येऊन त्यानं तो किस्सा बायकोला, सत्यशीलाला, तीनदा सांगितला होता. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "झालं ना मंग, जेवा आता."

देव नदीत गेले, सण बदलले, लग्नाचे मंत्र बदलले. भासरा तेवढा जागच्या जागी राहिला. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्यानं धाकट्याच्या बायकोला शिवायचं नाही. तिनं त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. चुकून पदर लागला तरी दोघांनी अंगावरून पाणी घ्यायचं. हे गावात साऱ्यांच्याच घरी होतं, वरच्यांत आणि खालच्यांतही, आणि इतकं सर्रास सगळीकडं होतं की रामाजींनाही ते टोपलीत भरायचं सुचलं नाही. गुणवंतनं कधी त्याचा विचार केला नव्हता. उलट, मनातल्या मनात त्याला ते बरं वाटायचं. शहरात राहून, क्वार्टरमध्ये टी.व्ही. घेऊनही आपण घरची रीत सोडली नाही, असं काहीतरी. वच्छला घरात आली तेव्हापासून तिचा आवाज त्यानं ऐकला होता तो भिंतीपलीकडून. तिचा चेहरा त्याला धड आठवलाही नसता. पदराचा रंग आठवला असता.

आता ती टेबलाशेजारी उभी होती. प्रसूतीच्या खोलीत सकाळपासून एक बाई अडली होती, त्यामुळं आया रुखमाबाई तिकडं होत्या. थांबलं असतं तर त्या तासाभरानं आल्या असत्या, पण बाहेर रांग होती, आणि रांग होती हे कारण गुणवंतला फार सोयीचं वाटलं. त्यानं श्रावणलाच आत बोलावलं. "तिले उताणी झोपव." समोरून फोटो झाला. तो सोपा असतो. मग म्हणाला, "आता कुशीवर कर. तोंड भिंतीकडं." श्रावणनं वच्छलाच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढला. थोरल्या भावासमोर बायकोला हात लावायची त्याचीही कधी वेळ आली नव्हती. कान लाल झालेला तो बापडा गहू भरलेलं पोतं फिरवावं तसा तिला फिरवून बाजूला झाला आणि, "झालं काय, मी बाहेर आहो," असं म्हणून निघूनही गेला. दार आपोआप लागलं.

वच्छला वाकडी पडली होती. खांदा मागं, कंबर पुढं. अंगाला पीळ बसला होता. गुणवंत तीन हात लांब उभा राहून भिंतीशी बोलावं तसं बोलला, "खांदा थोडा पुढं." खांदा फार पुढं गेला. "एवढा नाई." ती मागं आली, आणि आता कंबरही मागं आली. बोलताना तिला तू म्हणावं की तुम्ही म्हणावं हेही त्याला कळत नव्हतं, म्हणून तो क्रियापदं गाळून अर्धीच वाक्यं टाकत होता. तिच्या तोंडातून एकदा कळ दाबल्यासारखा आवाज आला. शेवटी त्यानं शरीराची जाडी मोजायची लाकडी पट्टी उचलली, आणि तिच्या टोकानं तिची कंबर पुढं ढकलली. पट्टी लागताच ती जागच्या जागी ताठ झाली. त्यानं पट्टी खाली ठेवली, शिशाच्या पडद्याआड गेला, "श्वास घ्या, रोखा," असं म्हणाला आणि बटण दाबलं. खोलीतला दिवा नेहमीसारखा क्षणभर मंदावला. तेवढ्या मंद उजेडात त्याला त्याची आई दिसली.

आई उताणी झोपली होती, वैद्यबुवांच्या ओसरीखाली, अंगणात. गुणवंत पाचसहा वर्षांचा असेल. आईच्या पोटात गोळा आला होता आणि वैद्यबुवा ओसरीवर बसून, हातातल्या काठीच्या टोकानं तिचं पोट दाबून बघत होते. इथं दुखते का, इथं दुखते का. काठी गुळगुळीत होती, चांगल्या घरातली. वैद्यबुवा माणूस वाईट नव्हते. औषध फुकट द्यायचे, तेही वरून सोडायचे. परत येताना वाटेत आई एवढंच म्हणाली, "काठी गार होती." ही गोष्ट त्यानं आजवर कोणाला सांगितली नव्हती, सत्यशीलालाही नाही. पाटलिणीनं दंड धरल्याची तीनदा सांगितली आणि ही एकदाही नाही. टेबलावरची पट्टी त्यानं कपाटाच्या मागं सारून दिली. लपवल्यासारखी. कोणापासून लपवत होता कोण जाणे. खोलीत पाहायला एकटी वच्छला होती आणि तिचं तोंड भिंतीकडं होतं.

फिल्म धुऊन ओलीच डॉक्टरांकडं नेली. डॉक्टरांनी ती खिडकीला धरली, कपाळाला आठ्या घातल्या. "गुणवंतराव, ही तुमची फिल्म वाटत नाही." मणक्यांच्या कडा दुहेरी उमटल्या होत्या, एकावर एक घसरलेल्या. जिथं छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथं तर नुसता काळा-पांढरा गोंधळ होता. गुणवंत म्हणाला, "बाई हलली, डॉक्टर." किती सहज म्हणाला. ती बाई टेबलावर दगडासारखी पडून होती. हलला होता तो श्रावण, हलला होता तो स्वतः, आणि नाव मात्र तिचं घेतलं. डॉक्टरांना त्यांचं नातं माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मला यात काही दिसत नाही. पुन्हा काढायची का? तुम्ही सांगा, या बाबतीत तुमच्यावर माझा भरवसा आहे." त्या भरवशानं तरी लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण ज्या वाटेनं सुटका होईल त्या वाटेनं जीभ गेली. "चालेल," गुणवंत म्हणाला. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या, आणि श्रावणला सांगितलं, की घाबरायचं कारण दिसत नाही, शेतातलं काम चालू ठेवायला हरकत नाही. धान कापणीला आलं होतं. श्रावणच्या तोंडावर आज पहिल्यांदा हसू आलं, आणि भावाला हात करून तो बायकोला घेऊन निघाला.

पुढचा पेशंट गोंडपिपरीकडचा, वारलू नावाचा म्हातारा. डिंक काढायला झाडावर चढला आणि पडला. गुणवंतनं त्याला कुशीवर घेतलं. न बघता हात कामाला लागले. एक हात खांद्यावर, एक कमरेवर, गुडघे पोटाशी, पॅड, घडी. दोन बोटं आपली आपण कमरेच्या हाडावर जाऊन बसली आणि वर चढत गेली. एक, दोन, तीन. म्हाताऱ्याच्या अंगाला धुराचा आणि मोहाचा वास होता, पाठीवर जुने ओरखडे होते. "हात गरम आहेत तुये, बाबू," वारलू म्हणाला, "बरं वाटून राह्यलं." गुणवंतचं मोजणं तीनवरच थांबलं. या माणसाचं गाव त्याला माहीत नव्हतं, जात माहीत नव्हती, उद्या तो दिसणारही नव्हता. याच्या एकेका मणक्याची त्यानं विचारपूस केली, आणि घरच्या माणसाला लाकडानं ढकलून, वर तिच्यावरच आळ घेऊन, कापणीला धाडलं. फोटो कसाबसा उरकून तो तसाच, अंगावरच्या शिशाच्या एप्रनसकट, बाहेर पळाला. एप्रनचं वजन गुडघ्यांवर आदळत होतं. व्हरांड्यातली माणसं बघत होती.

फाटकाशी ती दोघं सापडली. श्रावण सायकल रिक्षावाल्याशी घासाघीस करत होता. "थांब. फोटो खराब झाला. पुन्हा काढा लागते." "डॉक्टर तं म्हनले..." "मी म्हनून राह्यलो. माया हातून खराब झाला." श्रावणनं त्याच्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. हळूच म्हणाला, "भाऊ, ती आज यायले तयारच नव्हती. तू नाई म्हून आली. मंघानी टेबलावरून उतरली तवा रडली." गुणवंत म्हणाला, "ठाऊक आहे." ठाऊक नव्हतं. रडलेली त्यानं पाहिली नव्हती, कारण पाहायचं नसतं.

या वेळी रुखमाबाई आल्या होत्या. अडलेली बाई मोकळी झाली होती आणि त्या खुशीत होत्या. "सांगा गुणवंतभाऊ, कुठी धरू?" गुणवंतनं सांगितलं. रुखमाबाईंचे हात बाळंतिणीला सवयीचे, कुरवाळणारे. त्यांनी वच्छलाला उबदार गुंडाळून ठेवल्यासारखं केलं, आणि पाठ पुन्हा वळली. "अजून पुढं. नाई, कंबर." पुन्हा तेच सुरू झालं. त्याचे डोळे टेबलावरून इकडंतिकडं गेले. शोधत होते ती कपाटामागं सारलेली पट्टी, हे त्याला कळलं. भिंतीकडं तोंड केलेल्या वच्छलाला ते कसं कळलं देव जाणे. पदराआडून, भिंतीला सांगावं तसं, पण स्वच्छ, ती म्हणाली, "लाकडानं नोका लोटू. ढोर वाटते मानसाले. हातच लावा."

तिचा आवाज जाड होता, थोडा घोगरा. भिंतीपलीकडून तो बारीक वाटायचा. रुखमाबाई एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत बाजूला झाल्या. गुणवंतनं हात एप्रनला पुसले, दोनदा पुसले, आणि तिच्या खांद्यावर ठेवला एक, कमरेवर एक. काही झालं नाही. कसलंही काही झालं नाही. ते एक खांद्याचं हाड होतं, राबलेलं, घामेजलेलं, बाकी हजार खांद्यांसारखं. इतकी वर्षं दोघांनी जे चुकवलं ते एवढंच होतं. तिनं श्वास सोडला आणि पाठ त्याच्या हाताबरोबर आली, जराही ताण न देता, काटकोनात येऊन थांबली. बोटं कमरेच्या हाडावरून वर निघाली. एक, दोन, तीन, चार, आणि तिथं, जिथं फोटोत गोंधळ होता तिथं, बोटाला एक टोक लागलं. छोटंसं, बोराच्या बीएवढं, बाहेर आलेलं. झंपरावरूनही लागत होतं. सकाळी हात लावला असता तर फोटोआधीच कळलं असतं.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म हळूहळू वर येऊ लागली. मणक्यामागून मणका, कडा कशा रेघ मारल्यासारख्या, एकेरी. गुणवंतच्या तोंडून "वा" निघून गेलं. वर्षभरात इतका सुंदर फोटो निघाला नव्हता. आणि मग त्याला दिसलं ते, की दोन मणक्यांमधली फट नाहीशी झाली आहे आणि समोरच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या गेल्या आहेत. टी.बी. होता. हातातल्या चौकटीवरून पाणी ठिबकत होतं, आणि फोटोची वाहवा करणाऱ्या स्वतःच्या तोंडात मारावीशी त्याला वाटली. डॉक्टरांना त्यानं सांगितलं, की मघा बाई हलली नव्हती, मीच नीट झोपवलं नव्हतं. डॉक्टर फिल्ममध्ये एवढे बुडाले होते, की त्यांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "अजून पाय शाबूत आहेत. आजच सापडलं हे फार बरं झालं. कापणीत वाकली असती तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. इंजेक्शनं, गोळ्या, प्लास्टर, आणि काही महिने सपाट झोपून राहायचं. गावी हे होणार नव्हतं. गुणवंत म्हणाला, "माया घरी राहील." आणि आपण फार मोठं काहीतरी बोललो असं त्याला वाटलं. थोडं हलकंही वाटलं.

बाहेर बाकाशेजारी श्रावण डोळे पुसत होता. गुणवंतनं त्याला समजावलं, की पुरा बरा होणारा रोग आहे, फक्त वेळ लागतो. वच्छला खाली मान घालून ऐकत होती. मग निघायचं म्हणून तिनं जमिनीवरची कापडी पिशवी घ्यायला सुरुवात केली. वाकली नाही. एक हात मांडीवर टेकवला, पाठ काठीसारखी ताठ ठेवली, गुडघे मुडपत सावकाश खाली बसली, पिशवी उचलली आणि तशीच ताठ वर आली. कण्याचा आजार ओळखायची ही खूण. खाली पडलेली वस्तू उचलायला लावली की पेशंट असाच बसतो. गुणवंतला हे पाठ होतं. दारातून आत येणाऱ्याची चाल पाहून तो अर्धा आजार ओळखायचा. आणि हे त्यानं आधी पाहिलेलं होतं. वैशाखात, त्याच्या मुलीच्या, चंदाच्या लग्नात, त्याच्याच अंगणात. मांडवात पत्रावळी उचलत फिरणारी वच्छला प्रत्येक पत्रावळीपाशी अशीच ताठ बसायची आणि अशीच ताठ उठायची. तो खुर्चीवर बसून व्याह्याशी बोलत होता. शेजारून गेलेल्या सत्यशीलाला थांबवून तो म्हणाला होता, "पाह्य. भासऱ्यासमोर पाठ वाकवत नाई, बसून उचलते. वळण म्हनतेत ते हे. शिक जरा." व्याही कौतुकानं हसले होते.

"असं बसून कवापासून उचलता?" गुणवंतनं विचारलं. तिला सरळ विचारलेला हा त्याचा पहिला प्रश्न. तिनं पदराची कड बोटात गुंडाळली. "होळीपासून." "मंग सांगतलं काऊन नाई? लग्नात मी तिथीच होतो. सत्यशीलाले सांगतलं असतं." वच्छलानं श्रावणकडं पाहिलं. मग खाली बघूनच, आणि आवाजात थोडी लाज, थोडा जुना आनंद असं काहीतरी घेऊन म्हणाली, "सांगनारच होती. त्या दिवशी लय कळा येऊन राह्यल्या होत्या, जाऊबाईले सांगाले चुलीपाशी गेली. तं त्याच मले म्हनाल्या, तुया भासऱ्यानं तुयं वळण नावाजलं, चार लोकांत. मले कोनं असं कदी म्हनलं नोतं. मंग दुखते म्हून कशी सांगू?"

श्रावण पिशवी घेऊन पुढं झाला. गुणवंतच्या हातात पुढच्या पेशंटची चिठ्ठी होती आणि व्हरांड्यातली माणसं आपलं नाव कधी येतं म्हणून त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं नाव वाचलं, आणि नजर श्रावणमागं चाललेल्या त्या ताठ पाठीकडं गेली. दुसऱ्यांदा वाचलं, पुन्हा तिकडंच गेली. शेवटी कोणीतरी पुढं येऊन त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि मोठ्यानं वाचून दाखवली.